व्हीएम स्लो झाली की कोर वाढवायच्या आधी होस्टकडे बघा

"सर्व्हर स्लो चाललाय, जरा बघ ना" असा मेसेज आला की आपल्यातले बरेच जण पहिलं काय करतात, तर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरमध्ये चालणारं मशीन) बंद करतात, दोन-चार कोर वाढवतात, आठ जीबी रॅम अजून देतात आणि परत चालू करतात. रीस्टार्ट झाल्यामुळे तासभर बरं वाटतं, मग परत तेच रडगाणं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, कारण दुखणं बऱ्याचदा त्या व्हीएमच्या आत नसतंच, ते खाली होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्याच्यावर चालतात त्या खऱ्या सर्व्हरवर असतं आणि आपण वरून कोर ओतत बसलो की खालची गर्दी अजून वाढते.

माझ्याकडे एक डेटाबेसची व्हीएम होती. होस्ट दोन सॉकेटचा, प्रत्येक सॉकेटला ८ कोर, म्हणजे खरे कोर १६. ह्या एकट्या व्हीएमला कुणीतरी १६ व्हीसीपीयू (व्हीएमला दिसणारे आभासी कोर) देऊन ठेवलेले आणि त्याच होस्टवर अजून नऊ-दहा व्हीएम. आतून बघितलं तर सीपीयू ३०-३५ टक्क्यांच्या वर जात नव्हता तरी महिनाअखेरचे रिपोर्ट लटकायचे, त्यामुळे डेटाबेसवाले म्हणायचे हार्डवेअर खराब आहे आणि आम्ही म्हणायचो क्वेरी खराब आहे. शेवटी एका रात्री १६ चे ६ केले, बाकी कशालाही हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच रिपोर्ट निम्म्याहून कमी वेळात आले. कोर कमी केल्यावर मशीन पळायला लागलं हे टीममधल्या कुणाला पटेना, पण त्याचं कारण अगदी सरळ आहे आणि ते खाली येईलच. तेव्हापासून मी आधी मोजतो, मग हात लावतो, आणि एका वेळी एकच बदल करतो.

पुढचं सगळं केव्हीएम (लिनक्समधला हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), त्याच्यावर बांधलेलं प्रॉक्समॉक्स आणि व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये बटणांची नावं वेगळी असतील पण आतला खेळ तोच.

मोजायचं कसं

लिनक्स व्हीएममध्ये टॉप ही कमांड चालवा आणि सीपीयूच्या ओळीत सगळ्यात शेवटी एसटी म्हणून आकडा असतो तो बघा. हा स्टील टाइम. व्हीएमला काम करायचं होतं पण होस्टने खरा कोर दुसऱ्या कुणाला दिला होता, तो वेळ इथे दिसतो. केव्हीएमवर हा सतत ५ टक्क्यांच्या वर असेल तर व्हीएमच्या आत काहीही ट्यून करून उपयोग नाही, होस्टवर गर्दी आहे. त्याच ओळीत डब्ल्यूए वाढलेला दिसला तर प्रोसेस डिस्कची वाट बघतायत, म्हणजे सीपीयू वाढवून शून्य फायदा.

ईएसएक्सआयवर ह्याच दुखण्याला सीपीयू रेडी म्हणतात. व्हीसेंटरच्या, म्हणजे ईएसएक्सआय सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या, रिअलटाइम चार्टमध्ये तो मिलिसेकंदात दिसतो आणि इथेच लोक गोंधळतात. तो चार्ट दर २० सेकंदांची बेरीज दाखवतो, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांपैकी किती वेळ रांगेत गेला. १,००० दिसले तर ५ टक्के, २,००० दिसले तर १० टक्के. आकडा पूर्ण व्हीएमचा असेल तर त्याला व्हीसीपीयूच्या संख्येने भागा, नाहीतर ८ व्हीसीपीयूच्या व्हीएमचा आकडा बघून उगाच घाबरायला होतं. प्रत्येक व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांपर्यंत मी फारसं मनावर घेत नाही, १० च्या पुढे गेला की युजरला जाणवतोच. ईएसएक्सटॉपमध्ये (ईएसएक्सआयचं टॉप) ह्याच्या शेजारी सीएसटीपी म्हणजे को-स्टॉपचा कॉलम असतो, तो फक्त जास्त व्हीसीपीयूच्या व्हीएममध्ये वाढतो. एक व्हीसीपीयू पुढे पळाला आणि त्याच्या भावंडांना कोर मिळाला नाही तर हायपरवायझर त्याला थांबवून ठेवतो, कारण व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटत असतं की आपले सगळे कोर एकाच वेगाने चालतायत. माझ्या १६ वाल्या व्हीएमचं नेमकं हेच होत होतं, काम सहा कोरचं आणि रांग सोळा कोरची.

केव्हीएमच्या होस्टवर कर्नल ४.२० किंवा पुढचा असेल तर प्रेशर स्टॉलचे आकडे पण मिळतात, प्रॉक फोल्डरमध्ये प्रेशर नावाच्या डिरेक्टरीत सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा फाइल असतात. लोड ॲव्हरेजपेक्षा मला हे आकडे जास्त आवडतात कारण ते थेट सांगतात की गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कुणीतरी अडकून पडलं होतं.

आणि कृपा करून निदान एक आठवडा आधीचे आकडे जपून ठेवा. सोमवारी सकाळी काय असतं, रात्री बॅकअप चालू असताना काय असतं, हे माहीत नसेल तर आपण केलेल्या बदलाने फरक पडला की रविवार होता म्हणून बरं वाटलं, हे कधीच कळणार नाही.

सीपीयू

नवीन व्हीएमला मी २ व्हीसीपीयूपासून सुरुवात करतो, मागणी कितीही येवो. लागले तर वाढवणं पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा दिलेले कमी करायचे म्हटलं की समोरच्याला आपण काहीतरी हिसकावून घेतोय असं वाटतं आणि मग मीटिंगवर मीटिंग. एका खऱ्या कोरवर किती व्हीसीपीयू चालतील ह्याला एक असं उत्तर नाही. दिवसभर झोपून असलेल्या छोट्या व्हीएम असतील तर चार-पाचपट सुद्धा चालून जातं, डेटाबेस किंवा टर्मिनल सर्व्हर असतील तर मी दीड-दोनपटच्या पुढे जात नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणि अंथरूण मोजताना हायपरथ्रेडिंगचे थ्रेड कोर म्हणून मोजायचे नाहीत. १६ कोरचे ३२ थ्रेड दिसतात पण एका कोरवरचे दोन थ्रेड तीच यंत्रणा वाटून घेतात, त्यातून कामाप्रमाणे थोडी वाढ मिळते, दुप्पट कधीच मिळत नाही.

न्यूमा हा शब्द ऐकून बरेच जण पान उलटतात, पण दोन सॉकेटचा होस्ट असेल तर हे समजून घ्यायलाच लागतं. प्रत्येक सॉकेटची स्वतःची रॅम असते. समजा प्रत्येकी १६ कोर आणि १२८ जीबी आहे. तुम्ही व्हीएमला १२ व्हीसीपीयू आणि ९६ जीबी दिले तर ती एका सॉकेटमध्ये छान बसते. २० व्हीसीपीयू दिले किंवा १६० जीबी दिले की ती दोन्हीकडे पसरली, आणि मग एका बाजूच्या कोरला दुसऱ्या बाजूच्या रॅममधून डेटा आणायला लागतो, तो प्रत्येक वेळी लांबचा फेरा. शक्य असेल तोवर व्हीएम एका न्यूमा नोडमध्ये बसेल एवढीच ठेवा. नाहीच बसली तर निदान तिला आतून खरी रचना दिसू द्या म्हणजे तिची ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस त्याप्रमाणे वागतील. प्रॉक्समॉक्समध्ये प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये न्यूमाचा टिक असतो तो लावा आणि सॉकेटची संख्या होस्टसारखी द्या. व्हीएमला ८ पेक्षा जास्त व्हीसीपीयू असले की ईएसएक्सआय आपोआप ही रचना दाखवतो, पण सीपीयू हॉट-ॲड (चालू व्हीएमला कोर वाढवायची सोय) चालू ठेवलं असेल तर बऱ्याच व्हर्जनमध्ये ती बंद होते, आणि हे इतकं गुपचूप होतं की महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कधीतरी कोर वाढवायला लागतील म्हणून टेम्प्लेटमध्येच हॉट-ॲड टिक करून ठेवायची सवय असेल तर आजच सोडा.

सीपीयू टाइप पण बघून घ्या. केव्हीएमवर जुन्या टेम्प्लेटमध्ये केव्हीएम-६४ नावाचा टाइप असतो, तो सगळीकडे चालावा म्हणून मुद्दाम गरीब ठेवलेला आहे, त्यात एईएसच्या, म्हणजे एन्क्रिप्शन वेगात करायच्या, सूचना नसतात. मग एचटीटीपीएस, व्हीपीएन, डिस्क एन्क्रिप्शन, सगळं सॉफ्टवेअरमध्ये रखडत चालतं आणि आपण नेटवर्कवर संशय घेत बसतो, चोर सोडून संन्याशाला फाशी. एकच होस्ट असेल किंवा क्लस्टरमधले सगळे प्रोसेसर सारखे असतील तर टाइप सरळ होस्ट ठेवा. वेगवेगळ्या पिढ्यांचे होस्ट असतील आणि लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) लागत असेल तर सगळ्यात जुन्या होस्टला झेपेल असा टाइप निवडा, पण एईएस असलेलाच. विंडोज व्हीएम असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये ओएस टाइप विंडोज आहे ना ते पण तपासा, कारण त्याच्यावरून हायपर-व्हीच्या सोयी चालू होतात, त्या नसतील तर नुसतं रिकामं बसलेलं विंडोजसुद्धा टायमरपायी होस्टचा सीपीयू खात राहतं.

बायोसमधलं पॉवर प्रोफाइल जाता जाता बघा. सर्व्हर पॉवर सेव्हिंगवर असेल तर कोर झोपेतून उठेपर्यंत वेळ जातो आणि छोट्या छोट्या रिक्वेस्टला ते चांगलंच जाणवतं. परफॉर्मन्सवर ठेवा आणि लिनक्स होस्टवर गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारी सेटिंग) पण परफॉर्मन्स करा.

मेमरी

सीपीयू कमी पडला तर सगळं हळू चालतं, मेमरी कमी पडली तर सगळं कोलमडतं. म्हणून सीपीयू वर सांगितलं तसा वाटून घ्या पण रॅमच्या बाबतीत मी कंजूष आहे, प्रॉडक्शन होस्टवर रॅम ओव्हरकमिट, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त वाटप, करतच नाही.

केव्हीएममध्ये प्रत्येक व्हीएम म्हणजे होस्टवरची एक साधी प्रोसेस असते. होस्टची रॅम संपली की कर्नलचा ओओएम किलर जागा होतो आणि तो साधारण सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो. आता होस्टवर सगळ्यात मोठी प्रोसेस कोणती, तर तुमची सगळ्यात मोठी आणि बहुतेक सगळ्यात महत्त्वाची व्हीएम. सकाळी येऊन बघता तर बाकी सगळं चालू आणि नेमकी डेटाबेसची व्हीएम बंद, आत लॉगमध्ये काहीच नाही कारण आतल्या सिस्टिमला काही कळायच्या आधीच वीज गेल्यासारखी ती गेली. असं झालं तर व्हीएमच्या आत शोधत बसू नका, होस्टचा कर्नल लॉग उघडा, तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं कुणाला मारलं ते.

त्यामुळे होस्टसाठी रॅम राखून ठेवा. किती, तर साध्या होस्टवर ४ ते ८ जीबी तरी, शिवाय प्रत्येक व्हीएममागे थोडा वरखर्च असतो तो वेगळा. झेडएफएस (फाइल सिस्टिम) वापरत असाल तर त्याचा रॅममधला एआरसी कॅश हिशेबात धराच, लिनक्सवर कितीतरी वर्षं त्याची मर्यादा मुळातच निम्म्या रॅमएवढी असायची, म्हणजे १२८ जीबीच्या होस्टवर ६४ जीबीपर्यंत तो घेऊ शकायचा. मागितली की तो रॅम सोडतो हे खरं, पण एकदम मोठी व्हीएम चालू केली तर तेवढ्या वेगाने सोडेलच असं नाही. झेडएफएस-एआरसी-मॅक्सची मर्यादा स्वतःच्या हाताने घालून द्या आणि विषय संपवा.

बलूनिंगबद्दल लोकांची मतं टोकाची असतात. बलून ड्रायव्हर व्हीएमच्या आत फुगतो, आतल्या सिस्टिमकडून रॅम काढून घेतो आणि होस्टला परत देतो. टेस्टिंगच्या व्हीएमला ठीक आहे. डेटाबेस किंवा जावाच्या व्हीएमला नको, कारण त्यांनी आपला कॅश किंवा हीप ठरवून घेतलेला असतो आणि खालून जमीन काढून घेतली की त्या आत स्वॅप करायला, म्हणजे रॅममधला डेटा डिस्कवर टाकायला लागतात. ईएसएक्सटॉपच्या मेमरी स्क्रीनवर बलूनचा आकडा दिसला तर तो इशारा समजा, आणि स्वॅप रीडचा दर शून्याच्या वर दिसला तर त्या होस्टवरून एखादी व्हीएम आजच हलवा, कारण हायपरवायझरला आतली कुठली पेज (मेमरीचा छोटा तुकडा) महत्त्वाची हे माहीत नसतं, तो आंधळेपणाने स्वॅप करतो.

केएसएम, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या पेज एकत्र करणं, लिनक्समध्ये २.६.३२ पासून आहे. एकाच टेम्प्लेटच्या पन्नास व्हीएम असतील तर चांगली बचत होते. पण शोधाशोध करायला सीपीयू लागतो, आणि वेगवेगळ्या लोकांच्या व्हीएम एका होस्टवर असतील तर सुरक्षेच्या दृष्टीने ते बंदच ठेवलेलं बरं.

मोठ्या व्हीएमसाठी ह्यूज पेज हा मला सगळ्यात समाधान देणारा बदल वाटतो. साधी पेज ४ केबीची असते, म्हणजे ३२ जीबीच्या व्हीएमला ८३ लाखांहून जास्त पेज सांभाळायला लागतात, २ एमबीच्या पेज घेतल्या तर फक्त १६,३८४. आणि व्हीएममध्ये पत्ता शोधायचं काम दुहेरी असतं, आधी आतल्या टेबलमध्ये आणि त्याच्या प्रत्येक पायरीला बाहेरच्या टेबलमध्ये, त्यामुळे चार लेव्हलच्या टेबलला साध्या मशीनवर जास्तीत जास्त ४ वेळा मेमरीत डोकावून भागतं तिथे व्हीएममध्ये ते २४ पर्यंत जातं. पेज मोठ्या असल्या की हे फेरे कमी होतात. फक्त ह्या पेज होस्ट बूट होतानाच राखून ठेवा, नंतर मेमरीचे तुकडे तुकडे झालेले असतात आणि सलग जागा मिळत नाही. आणि लक्षात घ्या, राखून ठेवलेल्या ह्यूज पेजवर बलून आणि केएसएमचा काही उपयोग होत नाही, तेवढी रॅम त्या व्हीएमच्या नावावर झाली म्हणायचं.

डिस्क

माझ्या अनुभवात दहापैकी सात तक्रारींचं मूळ इथे निघतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट कंट्रोलर. व्हीएमला आयडीई किंवा साटा डिस्क दिली असेल तर हायपरवायझर जुन्या हार्डवेअरची पूर्ण नक्कल करत बसतो. लिनक्स व्हीएमला व्हर्टआयओ स्कझी (व्हीएमसाठीच बनवलेला कंट्रोलर) द्या, ईएसएक्सआयवर जड कामाच्या व्हीएमला पीव्हीस्कझी द्या. लिनक्समध्ये ड्रायव्हर आतच असतो त्यामुळे प्रश्न नसतो. विंडोजला मात्र घाई केलीत तर हात दाखवून अवलक्षण, बूटची डिस्क सरळ व्हर्टआयओवर फिरवली की निळी स्क्रीन आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असा मेसेज.

विंडोजचं नीट असं करायचं. आधी बॅकअप घ्या. मग व्हीएम चालू असताना किंवा बंद करून एक जीबीची एक फालतू डिस्क जोडा, तिचा बस व्हर्टआयओ स्कझी ठेवा आणि कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी सिंगल. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ सीडी म्हणून लावा. विंडोजमध्ये जाऊन त्या सीडीवरचा इन्स्टॉलर चालवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा कंट्रोलर पिवळ्या खुणेशिवाय दिसतोय आणि ती एक जीबीची डिस्क डिस्क मॅनेजमेंटमध्ये आलीय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ह्याच पायरीमुळे विंडोज तो ड्रायव्हर बूटसाठी तयार ठेवतं, ती टाळू नका. आता व्हीएम पूर्ण शटडाउन करा, रीस्टार्ट नाही, मुख्य डिस्क डिटॅच करा, परत जोडताना बस स्कझी निवडा, आणि ऑप्शनमध्ये बूट ऑर्डर बदला, कारण डिस्कचं नाव बदललेलं असतं आणि बूट ऑर्डरमध्ये जुनंच नाव असतं, हे विसरल्यामुळे मी एकदा पहाटे दोन वाजता अर्धा तास उगाच ड्रायव्हरला दोष देत बसलो होतो. बूट झालं की फालतू डिस्क काढून टाका.

दुसरी गोष्ट कॅश मोड. नन म्हणजे होस्टचा पेज कॅश (रॅममधला डिस्कचा कॅश) वगळून थेट डिस्कवर, माझा नेहमीचा हाच. राइटबॅकमध्ये होस्टचा कॅश मधे येतो, वेग चांगला वाटतो, आतून फ्लश (डेटा डिस्कवर पक्का लिही अशी सूचना) मागितला तर तो डिस्कपर्यंत पोचतो, पण होस्टची रॅम जास्त खातो. अनसेफ नावाचा मोड असतो त्यात फ्लश चक्क दुर्लक्षिला जातो, नावातच सांगितलंय, वीज गेली की डेटा गेला. टाकाऊ टेस्ट व्हीएमशिवाय कुठेच नको. प्रत्येक डिस्कला आयओ थ्रेड चालू करा म्हणजे डिस्कचं काम व्हीएमच्या मुख्य थ्रेडमध्ये अडकत नाही.

डिस्कची फाइल रॉ की क्यूकाऊ-२, तर सोय हवी असेल, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) हवे असतील तर क्यूकाऊ-२, नुसता वेग हवा असेल तर एलव्हीएम किंवा झेडएफएसच्या व्हॉल्यूमवर रॉ. झेडएफएसवर क्यूकाऊ-२ मात्र ठेवू नका, दोघंही लिहिताना कॉपी करतात, एकाच कामाचे दुप्पट कष्ट.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, खाली खरी डिस्क कोणती आहे. साध्या पीसीसाठी बनवलेली एसएसडी डब्यावर लाखांनी आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं तो आकडा) लिहिते, पण डेटाबेस प्रत्येक कमिटला फ्लश मागतो आणि त्या डिस्कमध्ये वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर नसतात, मग तिला प्रत्येक वेळी खरोखर फ्लॅशवर लिहायला लागतं आणि वेग काही शेवर येऊन बसतो. फिओ (डिस्कचा वेग मोजायचं टूल) घेऊन ४ केबी ब्लॉक, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच रिक्वेस्ट), प्रत्येक राइटनंतर फ्लश, असं एक मिनिट चालवून बघा. टेस्ट मात्र वेगळ्या टेस्ट फाइलवर करा, डिस्कच्या डिव्हाइसवर राइट टेस्ट लावली तर आतला सगळा डेटा पुसला जाईल. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारा कंट्रोलर) असेल तर त्याची बॅटरी जिवंत आहे का ते बघा, बॅटरी मेली की कार्ड गपचूप राइटबॅकवरून राइटथ्रूवर (कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर लिहिणं) जातं आणि एका रात्रीत सगळ्या व्हीएम स्लो होतात.

ईएसएक्सआयवर डिस्कचा उशीर कुठे होतोय ते ईएसएक्सटॉप छान फोडून दाखवतो. डीएव्हीजी म्हणजे खालच्या स्टोरेजला लागलेला वेळ, केएव्हीजी म्हणजे हायपरवायझरच्या आत गेलेला, आणि दोन्हींची बेरीज जीएव्हीजी. डीएव्हीजी २०-२५ मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर स्टोरेजवाल्यांना फोन करा. केएव्हीजी शून्याच्या आसपास असायला हवा, तो वाढला तर क्यू भरलीय.

थिन डिस्क (लिहिलं तेवढीच खरी जागा घेणाऱ्या) दिल्या असतील तर पूलवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जागेवर, अलार्म लावा, ८० टक्क्यांना. ५०० जीबीच्या पूलवर आपण आरामात ९०० जीबीच्या डिस्क वाटतो, आणि ज्या दिवशी पूल खरंच भरतो त्या दिवशी एक नाही, त्या पूलवरच्या सगळ्या व्हीएम एकदम अडकू शकतात किंवा रीड-ओन्ली होऊ शकतात. एलव्हीएम थिनमध्ये मेटाडेटाची जागा वेगळी असते, ती पण संपू शकते, तिच्यावरही लक्ष ठेवा. आणि व्हीएममध्ये फाइल डिलीट केली तरी खाली जागा मोकळी होत नाही, डिस्कवर डिस्कार्डचा टिक हवा आणि आत आठवड्यातून एकदा ट्रिम (मोकळी झालेली जागा खाली कळवणं) चालायला हवं.

नेटवर्क

इथे फार काही नाही. ई-१००० (जुन्या नेटवर्क कार्डाची नक्कल) कार्ड असेल तर व्हर्टआयओ किंवा व्हीएमएक्सनेट-३ करा. कार्ड बदललं की विंडोजमध्ये स्टॅटिक आयपी जुन्या कार्डाबरोबर जातो, त्यामुळे कन्सोल उघडा ठेवूनच करा. जास्त ट्रॅफिकच्या व्हीएमला मल्टिक्यू (पॅकेटसाठी एकाहून जास्त रांगा) द्या, व्हीसीपीयूएवढे क्यू पुरे. जम्बो फ्रेम (१,५०० ऐवजी ९,००० बाइटचे पॅकेट) चालू करणार असाल तर वाटेतल्या प्रत्येक स्विचवर करा आणि मग ८,९७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याची अट घालून, मारून बघा, २८ बाइट हेडरचे धरून ९,००० होतात. एका जरी पोर्टवर १,५०० राहिलं तर छोटे पॅकेट जातात, मोठे अडकतात, आणि ते शोधताना अख्खी रात्र जाते.

क्लस्टर असेल तर कोरोसिंकचं (क्लस्टरमधले नोड, म्हणजे होस्ट, ज्यावरून एकमेकांची खबर ठेवतात त्याचं) नेटवर्क बॅकअपच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. त्याला बँडविड्थ फारशी लागत नाही पण उशीर अजिबात सहन होत नाही, बॅकअपने लिंक भरली की नोडला वाटतं आपण एकटे पडलो आणि हाय अव्हेलेबिलिटी चालू असेल तर तो स्वतःला रीबूट करतो. दोनच नोड असतील तर तिसरं मत देणारं एखादं छोटं मशीन जोडा, नाहीतर एक गेला की दुसरा बहुमत नाही म्हणून अडून बसतो.

मायग्रेशनसाठी पण हिशेब करा. ६४ जीबी रॅम म्हणजे ५१२ गिगाबिट, एक गिगाबिटच्या लिंकवर साडेआठ मिनिटं नुसती एक फेरी. तोवर व्हीएम आत मेमरी बदलत असते आणि बदललेलं परत पाठवायला लागतं, ती जर सेकंदाला १२० एमबीपेक्षा जास्त बदलत असेल तर हे संपणारच नाही. दहा गिगाबिटवर तीच फेरी एका मिनिटाच्या आत.

स्नॅपशॉट आणि बॅकअप

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेलं. शिवाय ईएसएक्सआयवर स्नॅपशॉट घेतल्यापासून प्रत्येक बदल वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातो आणि ती वाढत जाते. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असा आहे. अपडेट करायच्या आधी घ्या, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक आहे बघून डिलीट करा, आणि डिलीट पण गर्दीच्या वेळी नको, कारण तेव्हा सगळा साठलेला बदल मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो. चार-सहा महिने जुना स्नॅपशॉट सापडला तर आधी डेटास्टोअरमध्ये जागा किती आहे बघा, पूर्ण बॅकअप घ्या, मग रात्री डिलीट लावा आणि मधे कॅन्सल करू नका, कितीही वेळ लागो.

बॅकअपसाठी व्हीएममध्ये गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) टाका, म्हणजे बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टिम थोडी थांबते आणि अर्धवट लिहिलेलं काही येत नाही. डेटाबेसचा डंप तरी वेगळा घ्याच.

आणि रिस्टोअर करून बघा. माझी पद्धत अशी, महिन्यातून एकदा कुठलीही एक व्हीएम निवडायची, नव्या नंबरने रिस्टोअर करायची, चालू करायच्या आधी तिचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करायचं, नाहीतर त्याच आयपीच्या दोन व्हीएम समोरासमोर येतात. मग कन्सोलवरून लॉगिन करायचं, सर्व्हिस उठलीय का, डेटाबेसमधली शेवटची नोंद किती तारखेची आहे ते बघायचं, आणि बटण दाबल्यापासून इथपर्यंत किती मिनिटं गेली ते वहीत तारखेसकट लिहायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा बॅकअप रोज हिरवा दिसत होता आणि आत दुसरी डिस्क, जिच्यावर सगळा डेटा होता, तिच्यावरचा बॅकअपचा टिकच काढलेला होता. प्रत्येक डिस्कच्या सेटिंगमध्ये तो टिक असतो, तुमचाही आत्ताच उघडून बघा.